माळाकडे निष्कारण पाहणारा इसम

अरण्याविषयी महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाच्या काही पक्क्या अटी असतात. अरण्यात झाडे असावीत, झाडांत वाघ असावा, वाघाला एखादे लाडके नाव असावे आणि त्याने उघड्या जिप्सीपासून छायाचित्राला सोयीच्या अंतरावर, शक्यतो आडवे, उभे राहावे. या अटी ज्या प्रदेशात पुऱ्या होत नाहीत तो प्रदेश त्याच्या लेखी गाडीची काच वर करून झोपेत ओलांडण्याचा मुलूख होय. म्हणूनच 'ताडोब्याला चाललो आहे' असे जो सांगतो त्याच्याकडे आळीतील मंडळी किंचित असूयेने पाहतात, आणि 'सोलापूरला पक्षी पाहायला चाललो आहे' असे जो सांगतो त्याला 'येताना दोन चादरी आणा' एवढे बजावून आपापल्या कामाला लागतात. उघडा माळ ही पाहण्याची वस्तू आहे, तिच्यासाठी कोणी रजा खर्ची घालावी, पाठीवर सॅक बांधून रात्रभर रेल्वेच्या बाकावर अवघडून बसावे, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. आणि ती शहरात रुजलेली नाही तशी खुद्द माळावरही रुजलेली नाही, याचा प्रत्यय मला ज्या दिवशी आला त्या दिवसाची ही हकीकत आहे.

ज्याच्या दर्शनाची अभिलाषा धरून मी सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज गावी निघालो होतो तो माळढोक, खरे पाहता, उपेक्षा व्हावी असा पक्षी नव्हे. तो उभा राहिला तर माणसाच्या कमरेला लागतो; पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, आणि एवढा देह सांभाळून तो उडतोही. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून आणि शेपूट पाठीवर उलटवून तो माळाच्या उंचवट्यावर उभा राहतो व दूरवर ऐकू जाईल असा 'हूम' असा घनगंभीर नाद काढतो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर, जेथून गुरांची, कुत्र्यांची आणि मेंढरांची राजरोस वहिवाट असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे आजूबाजूचे त्याला उत्तम दिसते. नाकासमोरचे तेवढे नीट दिसत नाही, आणि म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो प्राणास मुकतो. जुन्या जहागीरदार घराण्यांचा ऱ्हास ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या वर्णनात अपरिचित असे काही वाटणार नाही. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा हा प्रश्न निघाला तेव्हा सलीम अली यांनी याच माळढोकाचा कैवार घेतला होता, परंतु 1963 साली तो मान मोराला मिळाला. मोराची बाजू भक्कम होती: कार्तिकेयाचा आणि सरस्वतीचा वशिला, श्रीकृष्णाच्या मुकुटात हक्काची जागा, आणि शिवाय पिसारा. माळढोकाच्या बाजूने एकही देव उभा नव्हता. आज साऱ्या देशात त्याची संख्या दीडशेच्या आत आली असून त्यातही बहुतेक पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. सोलापूरकडच्या माळांवर एखाददुसरा आढळला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

सरकारने त्याची दखल घेतली नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 1979 साली त्याच्यासाठी जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते, म्हणजे गोव्यासारखी दोन राज्ये त्यात वसवून वर हजार किलोमीटर हिंडाफिरायला मोकळे राहावेत एवढे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांचे मुलूख त्यात आले. गावे आली, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले, शाळा, चावड्या आणि देवळे आली. फक्त पक्षी थोडे होते. माणूस रात्री आपल्या घरी निजला आणि सकाळी अभयारण्यात उठला, असा तो चमत्कार होता. पुढे जमिनीच्या व्यवहारांना परवानग्यांचे अडसर पडू लागले, आणि अर्ज, हरकती, समित्या, सर्वोच्च न्यायालय अशा मजला मारीत ते क्षेत्र अखेर 1,222 चौरस किलोमीटरांवर येऊन स्थिरावले. या साऱ्या कारभाराचा एक परिणाम पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत नमूद केलेला नाही. तो असा, की माळाकडे टक लावून पाहणारा परका इसम नजरेस पडला की त्या भागातील शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो.

सोलापुरातून नान्नजकडे जाण्यास सकाळच्या वेळी वडापाइतके तत्पर साधन नाही. वडापाच्या जीपमध्ये किती माणसे मावतात हा प्रश्न भूमितीचा नसून चालकाच्या आशावादाचा असतो. आणि माझी सॅक, तिच्या डोक्यावर बांधलेली चटईची वळकटी, दोन्ही कुशींतून डोकावणाऱ्या पाण्याच्या बाटल्या आणि लोंबणारे असंख्य बंद यांसह, त्या आशावादालाही न पेलणारी होती. तेव्हा ती टपावर, कडब्याच्या पेंढ्या आणि पाय बांधलेले एक बोकड यांच्या सहवासात रवाना झाली आणि मी खाली, एका आजीबाईंच्या टोपलीला मांडी देऊन, स्थानापन्न झालो. आजीबाईंनी माझे बूट, माझी अनेक खिशांची विजार आणि गळ्यातील दुर्बीण यांचे क्रमाक्रमाने अवलोकन केले. पक्षिनिरीक्षणाला जी चिकाटी लागते ती त्यांच्या ठायी उपजतच होती.

"घरचे हाईत का?" त्यांनी विचारले.

"आहेत की, आजी."

"मग भांडून आलाव व्हय?"

मी 'नाही' म्हणालो, त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. टोपलीतील भाजक्या शेंगा काढून त्यांनी माझ्या ओंजळीत घातल्या, 'राग लई दिस धरू ने' असा उपदेश केला, आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून त्या झोपी गेल्या.

नान्नजला उतरून टपावरचे सामान काढण्यासाठी मी मागच्या शिडीला हात घालतो न घालतो तोच क्लीनरने पत्र्यावर थाप मारली. त्या रस्त्यावर पत्र्यावरची थाप ही अंतिम आज्ञा असून तिच्यावर अपील चालत नाही. धुरळ्याच्या लोटातून बोकडाची मान आणि तिला टेकलेली माझी सॅक अशी जोडी वैरागच्या दिशेने दिसेनाशी झाली. पाणी, डबा, टोपी आणि पक्ष्यांचे सचित्र पुस्तक ही सर्व चीजवस्तू बोकडाच्या स्वाधीन झाली होती. मजपाशी दुर्बीण, पैशांचे पाकीट आणि आजीबाईंच्या शेंगा एवढेच उरले होते.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीने हे प्रकरण तत्काळ आपल्या अखत्यारीत घेतले. बार्शीच्या रस्त्यावर गाडी हाकणारा असा एकही इसम नसावा ज्याचा नंबर त्या टपरीवर कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये नव्हता. एकाच वेळी अनेक फोन लागले, अनेक मेहुण्यांची आणि साडूंची ख्यालीखुशाली विचारून झाली, आणि मग मूळ विषय निघून निकाल लागला.

"वैरागला उतरवून ठिवतो म्हणालाय. सांजच्याला परतीच्या खेपंला आणून देतोय. काय हाय त्यात?"

"कपडे, खाणे आणि एक पुस्तक."

"कशाचं?"

"पक्ष्यांचं."

"आन् ही दुर्बीण?"

"तीही पक्षी बघायलाच."

टपरीवर शांतता पसरली. एकाने हातातील बशी हळूच खाली ठेवली. "सरकारी हाय," दुसरा तिसऱ्याच्या कानात म्हणाला, आणि टपरीवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेण्यास अतिशय नम्रपणे नकार दिला.

अभयारण्यातील माळावर रीतसर नोंद करून मी शिरलो तेव्हा ऊन अजून कोवळे होते आणि माझ्यासोबत दिलेला वनमजूर मफलर कानांवरून काढण्याच्या मनःस्थितीत नव्हता. थंडीतला माळ पिवळ्या रंगाच्या इतक्या छटा दाखवतो की त्यांना नावे द्यावयास भाषेनेही थोडे कष्ट घ्यायला हवे होते. या पिवळ्या पटाच्या पलीकडे, हद्दीच्या बाहेर, द्राक्षांच्या बागांची हिरवी रेघ ओढलेली दिसते. 'सोनाका' ही द्राक्षाची लांबट, गोड जात याच नान्नजची. तेव्हा ज्या मातीला महसुली दप्तर पिढ्यान्पिढ्या पडीक म्हणत आले तिच्या अंगी काय गुण आहेत हे गावकऱ्यांनी आपल्या परीने सिद्ध केलेच आहे. माळाचा उद्धार करावयाचा म्हणजे त्यावर काहीतरी लावावयाचे, याविषयी आपल्याकडे दुमत नसते. शेतकरी द्राक्षे लावतो, सरकार झाडे लावते, आणि ज्याला गवत आणि मोकळे आकाश यांखेरीज काही नको तो पक्षी निमूटपणे निघून जातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी 1980 च्या दशकात ज्या थोड्या ठिकाणी माळढोकाचा अभ्यास केला त्यांपैकी नान्नज हे एक. त्या काळी येथे येणाऱ्याला पक्ष्याची वाट पाहावी लागत असे, आता पक्ष्याविषयीच्या बातमीची पाहावी लागते.

लपणाकडे जाणारी पाऊलवाट कुसळी गवतातून जाते. या गवताचे बी पाहण्यासारखे असते, परंतु ते पाहण्याची वेळ सहसा ते शरीरात शिरल्यानंतर येते. त्याच्या एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार तोंड असते, दुसऱ्या टोकाला लांब शेपटी असते आणि त्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की हा पीळ उलगडू लागतो, बी स्वतःभोवती फिरू लागते आणि गिरमिटाप्रमाणे जमिनीत भोक पाडून आत शिरते. निसर्गाने ही योजना पहिल्या पावसासाठी केलेली आहे. पण मोज्यातील घाम आणि पावसाचे पाणी यांत कुसळ भेद मानीत नाही. लपणात पोचून मी खाली पाहिले तेव्हा माझ्या दोन्ही घोट्यांभोवती पेरणी पूर्ण झालेली होती, आणि काही बियांनी उगवणीच्या दृष्टीने हालचालही सुरू केली होती.

"मोजं काढून ठिवा, सायेब," वनमजूर म्हणाला. तो स्वतः चपला घालून आला होता.

त्यानंतरचे काही तास मी लपणाच्या झरोक्यापाशी एका हाताने दुर्बीण धरून आणि दुसऱ्या हाताने कुसळे उपटीत घालवले, आणि त्या तासांविषयी माझी तिळमात्र तक्रार नाही. काळविटांचा कळप समोर चरत होता. त्यातला प्रौढ नर, पाठीने काळाभोर आणि पोटाने स्वच्छ पांढरा, मान मागे टाकून, पिळाची शिंगे पाठीला टेकवून, अत्यंत संथ पावले टाकीत माद्यांपुढून मिरवत गेला. माद्यांनी चरणे थांबवले नाही. तो पुन्हा वळून, तितक्याच डौलाने, उलट दिशेने गेला. माद्यांनी तरीही चरणे थांबवले नाही. मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता उतरलेला एक भोवत्या गवताच्या शेंड्यांना पंख लावीत, जमीन वाचीत चालल्यासारखा, इकडून तिकडे गेला. कुंपणाच्या तारेवर कोतवाल बसला होता आणि वनविभागाच्या हद्दीतील सर्व व्यवहारांवर लक्ष ठेवीत होता. चंडोल तर इतक्या जवळ येऊन बसला की दुर्बिणीतून तो दिसेनासा झाला. माळढोक मात्र आला नाही.

लपणात कंटाळा आला म्हणून नव्हे, पण परतताना चौकीवर ठेवलेली अभिप्रायांची वही मी चाळली, आणि ग्रंथ हरवल्याचे दुःख बरेच हलके झाले. एका सद्गृहस्थांनी 'व्यवस्था उत्तम, पक्षी नाही' असा निर्विकार शेरा मारला होता. दुसऱ्या एका कुटुंबाने पिण्याच्या पाण्याची, बसण्याच्या बाकांची आणि माळढोकाची सोय करावी अशी एकत्रित मागणी नोंदवली होती. एका शाळेच्या सहलीने 'खूप मजा आली' असे लिहून खाली वर्गातील सर्वांच्या सह्या केल्या होत्या, आणि कोणा हिशेबी माणसाने 'आलो, बसलो, गेलो' एवढ्यावर काम भागवले होते. मी लेखणी उचलणार इतक्यात वनमजुराने उन्हावर हात धरून माळाकडे पाहिले.

दूर क्षितिजावर, गवताच्या वर, एक आकृती दिसत होती. डोक्यावर काळे, मानेशी पांढरे, खाली मातकट. पावले दमदार, मध्येच थांबणे, चौफेर पाहणे आणि पुन्हा चालू लागणे. माझ्या हातातील दुर्बीण कापू लागली. आकृती थेट आमच्याच रोखाने येत होती.

"आलं म्हातारं," वनमजूर म्हणाला.

डोक्यावर काळे घोंगडे आणि गळ्याशी पांढरे उपरणे घेतलेले ते आजोबा जवळ आले, त्यांनी रामराम केला, आणि बगलेतील प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी जीर्ण झालेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. तो सातबाराचा उतारा होता. टपरीवरून वार्ता निघून, बांधाबांधाने प्रवास करीत, माझ्या आधीच माळाला वळसा घालून गेली होती.

"मोजणी कवा धरलीया?" आजोबांनी विचारले.

"आजोबा, मोजणी वगैरे काही नाही. मी पक्षी बघायला आलोय."

"ते झालंच," आजोबा समजूतदारपणे म्हणाले. "पयल्यांदा बी पक्षीच म्हणाले हुते."

या युक्तिवादाला कोणत्याही न्यायालयात उत्तर मिळेल असे मला वाटत नाही. मी तो उतारा पाहिला. गट नंबर, आकार, खातेदारांची नावे आणि 'इतर हक्क' या रकान्यातील नोंदी असा तो सर्व दस्तऐवज मी शक्य तितक्या गंभीरपणे वाचला, कारण न वाचणे हे उद्धटपणाचे दिसले असते आणि वाचणे हे अधिकाराचे. या दोहोंतील मधला मार्ग मला सुचला नाही. माझी निरुपद्रवी वृत्ती पटावी म्हणून मी गळ्यातील दुर्बीण काढून त्यांच्या हाती दिली. आजोबांनी ती डोळ्यांना लावली, काळविटांच्या कळपावरून, भोवत्यावरून, क्षितिजावरून सावकाश फिरवली आणि द्राक्षबागेच्या कडेला एका विहिरीवर आणून खिळवली.

"आगं आयायायाय!" ते पुटपुटले. "पाळी माजी, आन् मोटर ह्यानं चालू केलीया."

चुलतभावाच्या विहिरीत आजोबांचा हिस्सा होता, पाण्याच्या पाळ्यांचा करार तोंडी होता, आणि पुरावा आजवर कधीच हाती लागलेला नव्हता. त्यापुढे अर्धा तास दुर्बीण माझ्याकडे परत आली नाही. कोण बांध कोरतो आहे, कोणाची गुरे कोणाच्या मालदांडीत शिरली आहेत, कोणाची सून भाकरी घेऊन उशिरा निघाली आहे, याचे साद्यंत निवेदन वनमजूर आणि मी ऐकत राहिलो, आणि इतकी बारीक, इतकी सप्रमाण आणि इतकी अखंड क्षेत्रनोंद मी कोणत्याही पक्षिनिरीक्षकाच्या वहीत पाहिलेली नाही. मध्येच, विहिरीवरची नजर न काढता, आजोबा म्हणाले, "तुमचा त्यो माळढोक आमी ल्हान हुतो तवा नांगरामागनं हिंडायचा. नाकतोडं टिपत. आमी कुटं मोजाय गेलतो?" आणि पुन्हा ते चुलतभावाकडे वळले.

सायंकाळी फाट्यावर येऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या सॅकचे दिवसभरातील वृत्त टपरीवर आधीच येऊन पोचलेले होते. वैरागच्या एका दुकानाच्या फळीवर ती बेवारस अवस्थेत ठेवली गेली. तिच्या लोंबणाऱ्या बंदांमुळे आणि फुगीर कप्प्यांमुळे काही विचारी नागरिकांना घातपाताचा संशय आला. पंच जमले, उघडण्याविषयी मतभेद झाले, आणि शेवटी ज्याला मुलेबाळे नाहीत अशा एका गृहस्थाने ती उघडली. आत सापडलेल्या मालाची मोजदाद होऊन तो निरुपद्रवी ठरला. पुस्तक हातोहात फिरले. माळढोकाच्या चित्राचे पान निघताच मंडळीतील एकजण म्हणाला, की हा तर परवा आमच्या ज्वारीच्या कडेला उभा होता, दुसऱ्याने त्याला वेड्यात काढले, पैज लागली, आणि पैजेचा निकाल लागेपर्यंत ते पान दुमडून ठेवावे असे सर्वानुमते ठरले. दिवसभर लपणात बसून मला जे मिळाले नाही ते माझ्या सॅकला दुकानाच्या फळीवर पडल्या पडल्या मिळाले होते, निदान साक्षीपुरावा तरी.

जीप आली. सॅक या खेपेस टपावर नव्हती. ती पुढच्या आसनावर, चालकाशेजारी, सन्मानाने बसून आली होती. छातीवरचा एक बंद बोकडाने मुळापासून खाल्ला होता, डबा रिकामा होता आणि धुऊन ठेवलेला होता. चालकाने तिचे वैरागपर्यंतचे आणि परतीचे असे दोन्ही वेळचे भाडे सांगितले, परतीचे पूर्ण आसनाचे, आणि ते न्याय्य होते, कारण तिच्यासाठी त्याने एक उतारू नाकारल्याचे तो शपथेवर सांगत होता. मी पैसे दिले आणि सोलापूरकडे परतण्यासाठी तिला मांडीवर घेऊन त्याच जागी बसलो.

गाव मागे पडल्यावर चालकाने आरसा थोडा फिरवून मला पाहिले.

"सायेब, बघितली जागा?"

"जागा नाही हो, पक्षी बघायला आलो होतो."

"तसं का हुईना." त्याने गिअर बदलला आणि आवाज खाली आणला. "आमच्या पाव्हण्याची चार एकर हाय, रस्त्याला लागून. बिनतक्रारीची. पक्षी पायजे आसतील तर पक्षी बी येत्यात."